कलमाची फांदी सुकतेय, सालीतून डिंक येतोय: फवारू की तोडू?

प्रश्न: गुहागरजवळ आमचं वडिलोपार्जित घर आहे, आम्ही राहतो मुंबईत. अंगणात आजोबांनी लावलेलं हापूसचं कलम आहे, वय चाळीसच्या वर. दोन वर्षांपूर्वी घर दुरुस्त केलं. जुना गडगा काढून चिऱ्याचं कंपाउंड घातलं, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. यंदा मार्चपासून कलमाच्या पश्चिमेकडच्या दोन फांद्या शेंड्याकडून सुकत आल्या. पानं तपकिरी झालीत, पण गळत नाहीत. मोठ्या फांदीवर एके ठिकाणी साल खचलीय, कडेने तडे गेलेत आणि काळपट डिंक येतोय. फाटकाजवळच्या गुलमोहराचीही साल सुटतेय, खाली काजळीसारखी पूड दिसते. दुकानातून बुरशीनाशक आणून तीनदा फवारलं, काही फरक नाही. शेजारचे काका म्हणतात, डांबर फासा. कलम तोडावंच लागेल का?

उत्तर: कलम तोडू नका. निदान अजून तरी नाही. फवारणी मात्र आजच थांबवा आणि डांबराचा डबा काकांना परत करा.

तुम्ही दुखण्याचं वर्णन इतकं नीट केलंय की अर्धं निदान त्यातच आहे. राहिलेलं अर्धं, तुमच्या लक्षात आलं नसेल, पण तेही तुम्हीच लिहिलंय: ‘गडगा काढून कंपाउंड घातलं, पेव्हर ब्लॉक बसवले.’

आधी रोगाबद्दल. सालीचा आणि तिच्याखालच्या जिवंत थराचा एखादा भाग मरतो, खचतो, कडेला तडकतो, त्याला कँकर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द कागदी लिंबावरच्या खैऱ्यासाठी जास्त ऐकू येतो, पण तो खैऱ्या जिवाणूमुळे होतो. तुमच्या कलमावरचं दुखणं बुरशीचं आहे. शेतकरी त्याला फांदीमर म्हणतात, डिंक दिसला की डिंक्या म्हणतात. आंब्यात यामागे बहुतेक वेळा लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी नावाची बुरशी असते. जुन्या पुस्तकांत ती बोट्रिओडिप्लोडिया नावाने सापडेल. काढणीनंतर देठाकडून काळा पडत जाणारा आंबा तुम्ही पाहिला असेल, ते कामही बरेचदा हिचंच.

या बुरशीचा स्वभाव समजला की पुढचं सगळं सोपं होतं. ती बाहेरून चाल करून येणारी नाही. निरोगी दिसणाऱ्या कलमाच्या सालीत, काडीत ती वर्षानुवर्षं गुपचूप बसून असते आणि झाडाला काही होत नाही. मग झाडाला तहान लागते, मुळं तुटतात, ऊन सालीला भाजतं, कोयतीची जखम होते, आणि त्याच बुरशीचे हातपाय पसरायला लागतात. अमेरिकेतल्या चेस्टनटच्या झाडांवर आलेला कँकर वेगळा होता. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला आणि पुढच्या काही दशकांत त्याने धडधाकट झाडांची जंगलंच्या जंगलं संपवली. ती बुरशी परकी होती, झाडांना तिची ओळख नव्हती. आपल्या कोकणातली ही बुरशी घरचीच आहे. म्हणून मी कुठल्याही बागेत गेलो की बुरशी कोणती हे नंतर विचारतो. आधी विचारतो, या झाडाला गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी काय केलं?

तुमच्या बाबतीत उत्तर समोर आहे. आपला गडगा म्हणजे रचलेले दगड, त्याला खोल पाया नसतो, मुळं त्याच्याखालून खुशाल पलीकडे जातात. चिऱ्याच्या कंपाउंडला चर खणावा लागतो. कंपाउंड पश्चिमेला असेल तर त्या चरात कलमाची पश्चिमेकडची मुळं तुटली आणि आता पश्चिमेकडच्याच फांद्या सुकतायत. झाडात एका बाजूची मुळं बऱ्याच अंशी त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी देतात. आणि दुखणं लगेच दिसत नाही. मुळं तुटल्यावर झाड साठ्यावर एक-दोन वर्षं काढतं, मग एका कडक मार्चमध्ये हात टेकतं. तोवर गवंडी पैसे घेऊन गेलेला असतो आणि नाव येतं बुरशीचं.

त्यावर पेव्हर ब्लॉक. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे झाडाला पाणी कमी पडतंय हे कोणाला पटत नाही. पण हा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. खाली जांभा असेल तर पाणी झिरपून निघूनही जातं आणि ऑक्टोबर ते मे झाड कोरड्यावर असतं. कातळावरच्या बागांत तर सुरुंग लावून खड्डे केलेले असतात, बाहेरून आणलेल्या मातीने भरलेले. कलम मोठं झालं की मुळं त्या खड्ड्याच्या काठाला टेकतात. पावसात तो खड्डा हौद होतो, उन्हाळ्यात तवा. फांदीमर मी सगळ्यात जास्त अशाच बागांत पाहिली आहे.

आता तपासणी. तुमच्याकडे पाऊस सुरू व्हायला पाच-सहा आठवडे आहेत, तेवढ्यात हे करता येईल.

सुकलेल्या फांदीवर शेंड्याकडून खाली येत दर हातभर अंतरावर कोयतीच्या टोकाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं-ओलं दिसलं तर तो भाग जिवंत, तपकिरी-कोरडं दिसलं तर मेलेला. जिथे तपकिरी संपून हिरवं लागतं ती खरी सीमा, आणि पानांवरून वाटते त्याच्या बरीच खाली ती असते. खचलेल्या जागेच्या कडेलाही असंच पाहा. एखादी मेलेली काडी आडवी कापलीत तर कापात पाचरीसारखा तपकिरी डाग दिसेल, टोक गाभ्याकडे. ती या जातीच्या बुरशीची खूण आहे. पावसाळी हवेत मेलेल्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उगवतात, त्यांतून बीजाणू बाहेर पडतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या जखमेवर जातात.

काही गोष्टी यापासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. खोडावर भोक आणि त्यातून भुसा, विष्ठा बाहेर येत असेल तर तो खोडकिडा, आपल्याकडचं भिरूड. तिथे बुरशीनाशक ओतून काही होणार नाही, तारेचा आकडा घालून अळी ओढून काढावी लागते. पण दोन्ही एकत्रही असतात: भिरूड दार उघडतं, बुरशी आत शिरते. जून-जुलैत फांदीच्या बेचक्यात आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आणि मग गुलाबी पापुद्रा आला तर तो गुलाबी रोग. तो आंबा, काजू, फणस सगळ्यांवर येतो, भर पावसातच वाढतो आणि वाळवीसारखा आतून न खाता वरूनच साल मारतो. हा मात्र वेळेवर दिसला तर बोर्डोने, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाने, खरोखर आटोक्यात येतो.

आणि सालीवर पांढरे, राखाडी, हिरवट गोल चट्टे दिसले तर त्यांना हात लावू नका. ते दगडफुलाच्या जातीचं आहे. साल त्याला फक्त बसायला लागते, झाडाचं ते काही खात नाही. दरवर्षी कोणीतरी तारेच्या ब्रशने खोड घासून ‘रोग साफ’ करतो आणि त्या ओरखड्यांतून खरा रोग आत घेतो.

तुमच्या कलमाच्या दोन फांद्या कापाव्या लागतील, हे धरून चाला. जिथे हिरवं लागलं तिथून आणखी वीतभर खाली, निरोगी लाकडात काप घ्या. कापलेल्या तोंडावर अजून तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली या. फांदी जिथे मोठ्या फांदीला किंवा खोडाला मिळते तिथे तिच्या बुडाशी सालीची फुगीर कॉलर असते. काप त्या कॉलरच्या बाहेरून घ्यायचा: खोडाला सपाट घासून नाही आणि खुंटी ठेवूनही नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडांचे उभे काप घेऊन १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं. आपल्या कातडीला जखम झाली की नवी कातडी येते. झाडाचा कुजलेला भाग पुन्हा कधी जिवंत होत नाही. झाड त्याच्याभोवती आत भिंती घालून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवून झाकतं. कॉलर कापली की तुम्ही ती भिंत घालणारे गवंडीच कापले.

मोठी फांदी एका दमात कापू नका. आधी हात-दीड हात पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, ओझं खाली पडलं की मग शेवटचा काप कॉलरपाशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. आंबा उतरवणारा कुशल गडी करवतीच्या कामात कुशल असतोच असं नाही, म्हणून हे त्याला जमिनीवर उभं राहून समजावा, तो वर चढल्यावर नाही. प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटने पुसा.

डांबराबद्दल. मीही सुरुवातीची पाच-सहा वर्षं डांबर फासत होतो, सगळे फासायचे. दापोली तालुक्यातल्या एका बागेत मी जूनच्या पहिल्या पावसात, खोडाला घासून, रायवळाची मांडीएवढी जाड फांदी कापली आणि वरून डांबराचे दोन हात दिले. दिसायला काम चोख. दोन वर्षांनी मालकाने बोलावलं. डांबराचा पापुद्रा तसाच होता, त्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. आतलं लाकूड ओल्या पावासारखं झालं होतं. घट्ट थराखाली ओल कोंडली गेली आणि बुरशीला घर मिळालं. शिगो यांचंही हेच म्हणणं होतं: जखमेवरचे रंग-लेप कुज थांबवत नाहीत. पण त्यांचे पावसाळे आपल्यासारखे नव्हते. आपल्याकडे काप ताजा असताना चार महिने बीजाणूंचा वर्षाव होणार असतो, म्हणून ताम्रयुक्त पातळ लेप मी देतो. तो बरं करत नाही, पहिले काही आठवडे राखण करतो, एवढंच.

तो लेप म्हणजे दहा टक्के बोर्डो पेस्ट. घरच्या एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरे. अर्ध्या लिटरमध्ये मोरचूद रात्री भिजवून विरघळवा, दुसऱ्या अर्ध्यात चुना निवळून गाळा. दोन्ही थंड झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता आणि ढवळत राहा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नको. झाल्यावर स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा, शिळं बोर्डो म्हणजे नुसता निळा रंग. फवारणीसाठी एक टक्का लागतं: तेवढ्याच मोरचूद-चुन्याला दहा लिटर पाणी. बोर्डो हे नाव फ्रान्समधल्या शहराचं. तिकडे द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, आणि त्याच वेलींवर केवडा रोग नाही हे प्राध्यापक मिलार्दे यांनी हेरलं. १८८५ साली त्यांनी ते जाहीर केलं. एवढं जुनं औषध अजून आपल्या कलमावर चालतं, कारण ते बाहेरच राहतं आणि बाहेरचंच काम करतं.

तुमच्या तीन फवारण्या वाया का गेल्या, याचं उत्तरही त्यातच आहे. बुरशी लाकडात आहे, औषध पानावर पडलं. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारी, औषधंसुद्धा जिवंत रसाबरोबर जातात, मेलेल्या लाकडात त्यांना नेणारं कोणी नसतं. खोडाला ड्रिलने भोकं पाडून औषध भरणारे हल्ली गावोगाव फिरतात. त्यांना फाटकातूनच परत पाठवा. फांदीमर झालेल्या झाडाला आणखी दहा जखमा कशाला?

डिंक येणाऱ्या खचलेल्या जागेचं वेगळं. ती खोडावर किंवा ठेवायच्या फांदीवर असेल आणि घेराच्या निम्म्याहून कमी असेल तर फांदी कापू नका. सुटलेली, मेलेली साल धारदार सुरीने काढा, कडेला हिरवी रेघ लागली की थांबा, पेस्ट लावा. निरोगी साल ‘सुरक्षेसाठी’ काढायची नाही. हे काम कोरड्या दिवशी, मे मध्याच्या आत. नुसती जिवंत, मोठी फांदी कमी करायची असेल तर मात्र आत्ता नको. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर. कापणीमुळे उघड्या पडलेल्या आतल्या फांद्यांना पातळ चुना फासा. सावलीत वाढलेली साल एकदम मेच्या उन्हात आली की भाजते, आणि भाजलेली साल म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आणि पुढच्या मेमध्ये तौक्ते येऊन गेल्यावर हे फार दिसलं. शेजारची झाडं पडल्यामुळे उघडी पडलेली कलमं वादळात वाचली आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत फांदी फांदी करून सुकली.

हे सगळं झालं तरी मुख्य काम जमिनीवर आहे. पेव्हर ब्लॉक काढा. सगळे नाही काढता आले तर खोडापासून निदान सहा-सात फूट तरी. खाली दाबलेली खडी-ग्रिट हाताने काढा, कुदळ खोल मारू नका. तिथे पालापाचोळा पसरा, खोडाला टेकवून नाही, वीतभर सोडून. घर बांधताना माती भरून खोडाचं बूड गाडलं गेलं असेल तर तीही हटवा. जमिनीजवळ खोड पसरट होत मुळात जाताना दिसलं पाहिजे, विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं नको. झाडाच्या सावलीच्या कडेने, जिथे खाऊमुळं असतात तिथे, यंदा मेअखेरपर्यंत आणि पुढच्या वर्षी जानेवारीपासून पंधरा दिवसांनी दीडशे-दोनशे लिटर पाणी द्या.

इथे एक अडचण येते आणि ती तुम्हाला आवडणार नाही. आंब्याला मोहोर यायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाण्याचा ताण लागतो, आजारी झाडाला ताण नको असतो. दोन्ही साधत नाही. एक-दोन हंगाम आंबा कमी येईल हे धरूनच यंदा पावसानंतरही जमीन पूर्ण सुकू देऊ नका. आणि तुम्ही मुंबईत आहात म्हणून विचारतो: कलम कोणाला कराराने दिलं होतं का? करारवाला दर पावसाळ्यात बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारातलं कल्टार, ओतत असेल तर ते या झाडाला आता बंद. निरोगी कलमाला मोजून दिलं तर ते चांगलं औषध आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहेच. पण ते झाडाची वाढ रोखूनच मोहोर आणतं, आणि तुमच्या झाडाला सध्या नवी मुळं, नवी पालवी हवीय. दुसऱ्याचं कलम वर्षभरासाठी घेतलेला माणूस दहा वर्षांनंतरचं पाहत नाही. त्यात त्याला दोष देण्यासारखं फारसं काही नाही, पाहायचं ते मालकाने.

बुंध्याभोवती कपडे वाळत घालायची तार, दिव्यांचे खिळे, बैल बांधायचा जुना साखळदंड असलं काही असेल तर सोडवा. तार सालीत रुतली असेल तर ओढू नका, दोन्हीकडून कापून मधला तुकडा राहू द्या. बांडगूळ असेल तर त्याची गाठ फांदीत असते, नुसता पाला ओरबाडू नका, गाठीखालून फांदी कापा.

परसात माड असतील तर त्यांना हा नियम लावू नका. माडाच्या खोडातून तांबूस रस गळतो तो वेगळ्या बुरशीचा, थिलाव्हिऑप्सिसचा. आणि माडाला साल भरून येत नाही, आंब्यासारखी भिंत घालणारी वाढच त्याच्या खोडात नसते. तिथे कुजलेलं तासून पेस्ट लावायची, बुंध्यात पाच किलो निंबोळी पेंड द्यायची, आणि चढताना पायऱ्या पाडण्याची सवय कायमची सोडायची.

आता गुलमोहर, ज्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. साल सुटून खाली काजळीसारखी पूड म्हणजे बहुधा निओसायटॅलिडियम नावाची बुरशी. हीसुद्धा उन्हाने भाजलेल्या, तहानलेल्या झाडांवर येते. तेवढंच असतं तर तुमच्या कलमासारखंच करा म्हणालो असतो. पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि त्याच कंपाउंडच्या चरात त्याचीही मुळं गेली असणार. बुंध्याशी, मातीलगत, फळीसारखी कडक अळंबी उगवलीय का ते वाकून पाहा. तांबूस-तपकिरी, वरून लाखेसारखी चमकणारी, कडेला पांढरी असेल तर ते गॅनोडर्मा, म्हणजे मुळं आणि बुंधा आतून कुजलाय. लाकडी दांड्याने खोडावर ठोकून ऐका, पोकळ आवाज येतो का. काळी पूड घेराच्या निम्म्याहून जास्त पसरली असेल किंवा अळंबी असेल तर गुलमोहर पावसाआधी उतरवा. पूड हाताळताना तोंडाला कापड बांधा.

घर नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्ष कायद्याप्रमाणे आधी तिथे अर्ज करावा लागतो. कलम पुढेमागे तोडायची वेळ आलीच तर ग्रामीण भागातही आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय करवत लावू नका. अर्जाबरोबर बुंध्याचे, पुडीचे फोटो जोडा, पाहणीला आलेल्या माणसाचं काम सोपं होतं.

सुकलेल्या फांद्या आवारात रचून ठेवू नका, सरपणाला ठेवायच्या तरी झाकून, कलमापासून लांब. आणि गुलमोहराचा निकाल लागेपर्यंत त्याच्याखाली गाडी लावू नका.